फिका तोही तपकिरीच

सोमवार, ४

ही डायरी एका औषधाच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानावर खाली कोपऱ्यात गोळीचं चित्र. डॉक्टरांकडे अशा सात पडून होत्या. त्यातली एक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बोलत तर नाहीस, निदान लिही तरी."

म्हणून लिहिते.

मी नववीत शाळा सोडली. का, असं सगळे विचारतात. तोंडी परीक्षेला उभी राहिले की घशाला कुलूप लागायचं. उत्तर यायचं, पण ते आतच बसून राहायचं. तीन वेळा शून्य मिळाल्यावर मी घरीच बसले. मग आत्यानं मला तिच्या लॅबमध्ये चिकटवलं. आत्या तिथं चोवीस वर्षं आहे. कुणाच्या अंगातून गाठ काढली की तिचा तुकडा आमच्याकडे येतो. आत्या तो मेणात बसवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या कापते, काचेवर घेऊन रंगवते. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून गाठ कसली ते लिहितात. माझं काम बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं. चिठ्ठ्यांशी बोलावं लागत नाही.

आई म्हणते, "वाटणीच चुकली. सगळं बोलणं नणंदबाईंना गेलं आणि माझ्या पोरीला उरलंच नाही."

आत्या म्हणते, "वहिनी, मी बोलले म्हणून पोरीला काम लागलं. तुम्ही बोलला असतात तर ते पण गेलं असतं."

आज एक पत्र आलं. सगळ्या गाठवाल्या डॉक्टरांनी एक ऑनलाइन कोर्स करायचा आहे. कारण एकच काच एका डॉक्टरला दाखवली तर तो दहा म्हणतो, दुसरा तीस म्हणतो, आणि त्या आकड्यावर पेशंटला कडक औषध द्यायचं का ते ठरतं. सगळ्यांनी सारखं मोजायला शिकायचं. महिनाअखेरीला परीक्षा. नापास झालं तर ही तपासणी आमच्याकडे बंद. तुकडे दुसऱ्या शहरात पाठवायचे आणि उत्तराची तीन आठवडे वाट बघायची.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "छत्तीस वर्षं मी काय गोट्या खेळत होतो?"

मंगळवार, ५

डॉक्टर माउस धरत नाहीत. म्हणजे धरतात, पण विंचू धरल्यासारखा. सकाळी त्यांनी कोर्स चार वेळा बंद केला आणि एकदा कंप्युटरच बंद केला. मग हाक मारली, "ए लाउडस्पीकर, इकडे ये! तू दाबायचं, मी सांगायचं."

लाउडस्पीकर म्हणजे मी. त्यांना वाटतं हा फार मोठा विनोद आहे.

कोर्स असा आहे. पडद्यावर काचेचा फोटो येतो. त्यात हजारो ठिपके, काही निळे, काही तपकिरी. एकेक ठिपका म्हणजे गाठीची एकेक पेशी. तपकिरी म्हणजे वाढायच्या घाईत असलेली. शंभरात तपकिरी किती, एवढंच सांगायचं. पण मधे मधे गाठीतले नसलेले ठिपके पण असतात. ते मोजायचे नाहीत. डॉक्टर त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुणे त्यांना लांबूनच कळतात. मला सगळे सारखेच दिसतात, लग्नात सुटातले पुरुष दिसतात तसे.

आधी एक बाई व्हिडिओत शिकवते. ती मधे थांबत नाही म्हणून डॉक्टर तिला उद्धट म्हणतात. बाई म्हणाली, "नजरेच्या अंदाजानं आकडा सांगू नका. मोजा."

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून अंदाज घेतोय मी."

बाई पुढे म्हणाली, "कितीही फिका असला तरी तपकिरी तो तपकिरीच धरा."

त्यावर डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "फिका? फिका धरायचा? कडक चहा तो तपकिरी! हे चहाचा कप विसळलेलं पाणी आहे! माझ्या सरांनी फिका कधी धरला नाही." आणि भिंतीवरच्या त्यांच्या सरांच्या फोटोकडे हात केला. सर फोटोत पण रागावलेलेच आहेत.

शुक्रवार, ८

पहिली सराव चाचणी. दहा काचा. दहातल्या आठ जमल्या तर पास.

डॉक्टरांनी मोजलंच नाही. एकेक काच बघायची, ओठ बाहेर काढायचे आणि म्हणायचं, "वीस." पुढची, "वीसच." पुढची, "पंचवीस... जाऊ दे, वीस."

दहातल्या दोन बरोबर आल्या. दोन्ही वीसच्या होत्या.

डॉक्टरांनी कंप्युटरला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही, आई ही डायरी वाचायची.

दुपारी त्यांचा कॉलेजमधला मित्र फोनवर होता. डॉक्टर त्याला ढोल्या म्हणतात. तो पण हाच कोर्स करतोय. ढोल्याचा आवाज फोनबाहेर दारापर्यंत येतो. "मला पाच आल्या! तुला किती?" डॉक्टर म्हणाले, "आमचं नेट गेलंय," आणि फोन ठेवला.

सोमवार, ११

आज डॉक्टर शहाण्यासारखे मोजायला बसले. ते पट्टीनं ठिपका दाखवतात आणि बोलतात, "निळा, निळा, तपकिरी, पाहुणा, सोड, निळा." मी दाबते. तपकिरीला लाल फुली येते, निळ्याला पांढरी. एका काचेवर चारशे ठिपके. पट्टी पुढे गेली की डॉक्टर मागे बघत नाहीत.

तिसऱ्या काचेवर त्यांनी एका फिक्या ठिपक्याला "निळा" म्हटलं. मला वाटलं, बाईंचं बोलणं विसरले असतील. आठवण करून द्यावी. मनात वाक्य पण तयार केलं, 'सर, हा फिका तपकिरी आहे.' पाच शब्द. तेवढ्यात पट्टी सहा ठिपके पुढे गेली. शब्द काही बाहेर आले नाहीत, पण बोट हललं. मी लाल फुली मारली.

मग पुढच्या फिक्याला पण मारली. एकाला मारली आणि दुसऱ्याला नाही, असं बरं दिसत नाही.

बुधवार, १३

दुसरी सराव चाचणी. दहातल्या नऊ!

डॉक्टरांनी खिडकी उघडली, शर्टचं वरचं बटण सोडलं आणि आत्याला बोलावून आकडा दाखवला. आत्या म्हणाली, "तरी मी म्हणत होते, मोजायला घेतलं की जमतं." डॉक्टर म्हणाले, "आणि फिके सोडूनसुद्धा! बघितलंस? सर बरोबर होते."

मग ढोल्याला फोन. "नऊ! न-ऊ! अरे, नजर लागते त्याला. तुझ्यासारखं पोट पुढे करून बसलं की पडदाच दिसत नाही." पंधरा मिनिटं त्याला शिकवत होते.

मी चिठ्ठ्या लावायला गेले. अठरा बाटल्यांना उलट्या लावल्या. आत्यानं सगळ्या सोडवून परत लावायला लावल्या.

गुरुवार, १४

उद्या सांगीन.

शुक्रवार, १५

सोमवारी सांगीन. आठवड्याच्या शेवटी माणसं दमलेली असतात.

सोमवार, १८

पत्र आलं. शेवटची परीक्षा २८ तारखेला. खोलीत डॉक्टर एकटे पाहिजेत. कॅमेरा चालू पाहिजे. माउस त्यांनी स्वतः धरायचा.

डॉक्टर म्हणाले, "मग काय झालं? नऊ आलेत. माउसचं काय, तो दोन दिवसांत शिकीन." आणि खरंच शिकायला बसले. पडद्यावर बाण हरवला की मला विचारतात, "कुठं गेला मेला?" मी बोट दाखवते.



ते एकटे बसले की फिके सोडणार. फिके सोडले की नापास. नापास झाले की तपासणी बंद. आज एक काकू रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. बाकावर बसून पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या, चार दिवसांचा रिपोर्ट होता तरी. तीन आठवडे ती चेन टिकणार नाही.

मंगळवार, १९

आत्याला सांगितलं. म्हणजे चिठ्ठीवर लिहून दिलं.

आत्यानं वाचलं, चष्मा वर केला, परत वाचलं. "अगं कार्टे! इतके दिवस तू त्यांच्या नावावर तुझं दाबत होतीस?"

मी मान हलवली.

"आणि ते तिकडं ढोल्याला ज्ञान वाटतायत!" आत्या हसायला लागली. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. मग एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली की घड्याळाचा आवाज ऐकू येतो, इतके दिवस मला माहीतच नव्हतं भिंतीवर घड्याळ आहे.

मी लिहिलं, 'तू सांग ना.'

"मी? मी कशाला? फुली मी मारली का? ज्याचं बोट त्याचं तोंड."

असली कुठलीही म्हण नाही. आत्या ऐन वेळी तयार करते.

बुधवार, २०

सांगितलं. जसं झालं तसं लिहिते.

डॉक्टर सराव करत होते. मी दारात उभी राहिले. बराच वेळ.

"काय गं? चहा?"

मान हलवली.

"मग खांबासारखी काय उभी आहेस?"

"सर."

त्यांनी माउस सोडला. मी स्वतःहून कधी सर म्हटलं नव्हतं.

"सर, ते फिके. मी सगळे तपकिरी दाबले."

"कुठले?"

"सगळे. तुम्ही निळा म्हणायचात. मी लाल फुली मारायचे. दुसऱ्या आठवड्यापासून."

"मी सांगत होतो त्याच्या उलट?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल!"

"हो."

"म्हणजे ते नऊ..."

"हो."

मला वाटलं आता पट्टी फेकतील. नाही फेकली. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग अगदी हळू विचारलं, "शंभरात असे किती? अंदाजे नको. मोजलेस का?"

मोजले होते. मी काय, सगळंच मोजते. "कुठं दोन, कुठं सहा. एका काचेवर नऊ."

"नऊ," ते म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "जा."

मी गेले. आईला सांगितलं की माझं काम बहुतेक सुटलं. आई म्हणाली, "काय बोललीस एवढं?" मी म्हटलं, खरं सांगितलं. आई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, ते पण काम घालवायला!" पण मग माझ्या ताटात तिनं तिच्यातलं वाढलं.

गुरुवार, २१

गेले तरी. मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी कपाटातल्या जुन्या काचांचे सगळे खोके बाहेर काढलेत. टेबलावर, खुर्चीवर, खाली जमिनीवर खोकेच खोके. दार लावून आत बसलेत. माझ्याकडे बघितलं पण नाही. लॅब बंद करायच्या आधीची आवराआवर असेल. निदान चिठ्ठ्या तरी नीट लागलेल्या असू देत म्हणून मी बाहेर सगळ्या बाटल्या तपासल्या.

ढोल्याचा फोन तीनदा आला. उचलला नाही.

शुक्रवार, २२

अजून खोके. डबा पण खोलीतच खाल्ला. एका हातानं.

शनिवार, २३

आवराआवर नव्हती.

आत्यानं सांगितलं. या वर्षात ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी आकडा दिला त्या सगळ्यांच्या काचा त्यांनी परत मोजल्या, फिके धरून. त्र्याहत्तर पेशंट. बहुतेकांचा आकडा थोडा इकडं तिकडं झाला, त्यानं औषधाला फरक पडत नाही. पण तिघांचा आकडा कडक औषधाच्या रेषेपलीकडं गेला.

मी दाराशी होते तेव्हा ते फोनवर होते. तीन फोन. तिन्ही पेशंटच्या डॉक्टरांना. "हो, नवीन रिपोर्ट पाठवतो. नाही, मशीनची चूक नाही. रंगाची पण नाही. माझी. मी कमी मोजले." तिसऱ्या फोनवर समोरचा माणूस बराच वेळ बोलत होता. डॉक्टर उभे राहून ऐकत होते, शाळेत मी उभी राहायचे तसे. शेवटी म्हणाले, "उपचार अजून सुरू व्हायचेत ना? मग वेळ आहे. बरं झालं."

फोन ठेवून बाहेर आले. मला वाटलं, आता माझा नंबर.

"सोमवारी नऊला ये," म्हणाले. "आणि घसा साफ करून ये."

सोमवार, २५

नवीन पद्धत. माउस डॉक्टरांच्या हातात. मी मागे दोन हातांवर स्टुलावर. डॉक्टर दाबत जातात आणि फिका सुटला की मी ओरडायचं.

पहिला सुटला. मी म्हटलं, "फिका."

"ऐकू नाही आलं."

"फिका."

"भिंतीला सांगतेस का मला?"

"फिका!"

आत्या पळत आली. तिला वाटलं काही सांडलं.

दुपारपर्यंत एकशे बारा वेळा ओरडले. चार वाजता घसा बसला तर आत्यानं गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सतरा वर्षं साठवलेला आवाज आहे, जपून वापर." डॉक्टर प्रत्येक वेळी सुस्कारा टाकतात आणि दाबतात. एकदा म्हणाले, "अगं, हा फिका पण नाही! ही नुसती अफवा आहे!" मी म्हटलं, "तपकिरी आहे." त्यांनी फोटो मोठा करून बघितला. मग दाबला.

मी दोन पाहुण्यांवर ओरडले. तेव्हा डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी खास उठून मला पाहुणा कसा ओळखायचा ते कागदावर काढून दाखवलं. त्यांचं चित्र बटाट्यासारखं येतं.

बुधवार, २७

आज दिवसभरात फक्त चौदा वेळा ओरडले. शेवटच्या काचेवर एकदाही नाही. मला उगाचच रिकामं वाटलं.

डॉक्टर जाताना म्हणाले, "उद्या तू बाहेर. आतून मी हाक मारली तरी यायचं नाही. दार वाजवलं तरी नाही. खोकायचं पण नाही." मी मान हलवली. मग म्हटलं, "हो."

गुरुवार, २८

दहाला परीक्षा. दहा वाजून दोन मिनिटांनी आतून ओरडा. "मी एकटाच आहे! टेबलाखाली पण बघ हवं तर!"

कंप्युटर म्हणत होता, खोलीत दुसरा चेहरा दिसतोय. डॉक्टरांनी लॅपटॉप गोल फिरवला, खिडकीचा पडदा सारून दाखवला, कपाट उघडून दाखवलं. तरी तेच. मग दार उघडलं आणि त्यांच्या सरांचा फोटो माझ्या हातात दिला. "यांना बाहेर बसव."

अडीच तास मी सरांना मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. येणारे जाणारे हळहळून बघत होते. एक आजोबा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

आतून काही ऐकू येत नव्हतं. फक्त टक्, टक्. मधेच टक् थांबायचं. मग मला वाटायचं, आत्ता फिका असणार. मी तोंड दाबून धरलं होतं. पूर्वी ते आपोआप बंद असायचं. मग खूप वेळानं परत टक्. पण कुठलं टक्, लालचं का पांढऱ्याचं, ते बाहेरून कसं कळणार?

साडेबाराला दार उघडलं. डॉक्टरांच्या शर्टची पाठ ओली.

आत्या म्हणाली, "काय हो?"

"आठ."

"आठ म्हणजे पास ना?"

"काठावर." त्यांनी माझ्याकडून फोटो घेतला, काच बाहीनं पुसली. "दोन चुकल्या. आणि कुठल्या चुकल्या ते सांगत नाहीत! असली कसली शिकवण? मला कळायला नको?"

आत्यानं सगळ्यांना चहा केला. डॉक्टर चहा पिताना पण तेच, "चौथी असेल. नाहीतर आठवी." पास झाल्याचा आनंद आत्यालाच जास्त झाला. ढोल्याला पण फोन तिनंच केला. त्याला सात आल्या. डॉक्टरांनी फोन मागून घेतला. मला वाटलं आता चिडवणार. पण म्हणाले, "अरे, तू फिके सोडत असशील. ये इकडं, बसू दोघं." मग पलीकडून काहीतरी आलं, तेव्हा म्हणाले, "ढोल्या, गप ये. मला पण सांगावं लागलं कुणीतरी."

शनिवार, ३०

आज कोर्सनंतरची पहिली खरी काच. आत्यानं काल रंगवलेली. कुणाची ते चिठ्ठीवर आहे, मी इथं लिहीत नाही.

मी चिठ्ठ्या लावत होते. डॉक्टरांनी हाक मारली, नुसती "ए" म्हणून. पडद्यावर काचेचा फोटो होता. एक कागद आणि पेन्सिल माझ्यापुढं ठेवली.

"मी मोजलंय. आकडा सांगणार नाही. तू वेगळं मोज. सही माझीच राहणार, तुझी नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहिलंस तर मला कळेल."

मोजायला चाळीस मिनिटं लागली. दोनदा चुकले, परत पहिल्यापासून केलं. पाहुणे बटाट्याच्या चित्राशी ताडून बघितले.

मग त्यांनी त्यांचा कागद उलटा केला. अठरा.

माझे एकवीस होते. माझा कागद अजून माझ्या हाताखाली होता आणि पेन्सिल पण हातात होती. एकवीसचं अठरा करायला कितीसा वेळ लागतो. आणि ते छत्तीस वर्षांचे डॉक्टर, आणि मी नववी.

"किती?" ते म्हणाले.

"एकवीस."

"नक्की?"

"हो. म्हणजे मी मोजले तेवढे."

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि टाळूवरून हात फिरवला.

"तुझ्यात पाहुणे घुसलेत, नाहीतर माझे फिके सुटलेत," ते म्हणाले. "स्टूल घे. परत मोजू."

दारातून आत्या म्हणाली, "अहो, दोन वाजले, डबे गार पडले!"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "थांब जरा."

मग आत्या माझ्याकडे बघतच राहिली. आणि डॉक्टरांनी पहिला ठिपका दाखवला.